घरात पडून झालेला ज्येष्ठांचा मृत्यू: कागदावर नेमकी काय नोंद होते? (ठाणे / नवी मुंबई)

वसंतविहार_कट्टा (प्रश्न)

आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यासाठी एक पानी माहितीपत्रक करायचं आहे. घरात पाय घसरून पडणं, त्यानंतरचं आजारपण आणि मृत्यू झालाच तर त्याचे कागद, एवढाच विषय. पडू नये म्हणून काय करावं याची पत्रकं गठ्ठ्याने मिळतात. नोंदीबद्दल मात्र प्रत्येक जण वेगळं सांगतो.

उदाहरणासाठी एक प्रसंग धरू. बाई, वय ७८. राहत्या घरी बाथरूममध्ये पाय घसरला, डावा खुबा मोडला. खाजगी रुग्णालयात ऑपरेशन झालं, नवव्या दिवशी घरी सोडलं. विसाव्या दिवशी धाप लागली, पुन्हा दाखल केलं, डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले. चोविसाव्या दिवशी मृत्यू.

१) हा मृत्यू पडण्यामुळे धरतात की न्यूमोनियामुळे?
२) पोलीस आणि पोस्टमॉर्टेम लागतंच का?
३) महापालिकेच्या मृत्यू दाखल्यावर कारण छापलेलं नसतं. मग ते असतं कुठे?
४) घर कळव्यात आणि रुग्णालय ऐरोलीत असेल तर नोंद कुठली?

कृपया कागदाचं नाव आणि रकाना सांगा. "शक्यतो चौकशी करा" छापाची उत्तरं पुष्कळ मिळाली आहेत.

---

रेकॉर्डरूम

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, त्यावर बाकीचं उभं आहे.

लोक ज्याला "डेथ सर्टिफिकेट" म्हणतात ते दोन वेगळे कागद आहेत. एक महापालिकेचा मृत्यू दाखला, म्हणजे नमुना ६. बँक, पेन्शन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट यांना हा लागतो. त्यावर कारण नसतं, कारण जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १७ मध्येच म्हटलं आहे की दाखल्यात मृत्यूचं कारण उघड करायचं नाही. कर्मचारी विसरला असं समजून खिडकीवर वाद घालू नका.

दुसरा कागद म्हणजे मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र. रुग्णालयात मृत्यू झाला तर नमुना ४, घरी झाला तर नमुना ४अ. तो डॉक्टर भरतात आणि महापालिकेच्या जन्म-मृत्यू निबंधकाकडे जातो. २०२३ च्या दुरुस्तीने (लागू १ ऑक्टोबर २०२३) रुग्णालयाने त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची आहे. ती मागून घ्या आणि तिथेच उभं राहून वाचा. नाव, वय वाचून घडी घालू नका, मधला भाग वाचा.

मधला भाग असा असतो. भाग १ मध्ये तीन ओळी. पहिल्या ओळीत शेवटचं, थेट कारण. त्याखाली ते कशामुळे झालं, आणि सगळ्यात खाली मूळ कारण. प्रत्येक ओळीसमोर "सुरुवातीपासून मृत्यूपर्यंतचा काळ" असा रकाना. भाग २ मध्ये हातभार लावणारे पण या साखळीत नसलेले आजार. त्यानंतर "मृत्यूचा प्रकार": नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, खून, तपास प्रलंबित. आणि "इजा कशी झाली?" अशी एक ओळ.

तुमच्या उदाहरणात बरोबर भरलेला नमुना ४ असा दिसेल (डॉक्टर इंग्रजीत लिहितील, अर्थ हाच):

भाग १
(अ) न्यूमोनिया – ४ दिवस
(आ) डाव्या मांडीच्या हाडाच्या मानेचं फ्रॅक्चर, ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळून – २४ दिवस
(इ) घरी बाथरूममध्ये ओल्या फरशीवर पाय घसरून पडणे – २४ दिवस
भाग २: मधुमेह, उच्च रक्तदाब
मृत्यूचा प्रकार: अपघात
इजा कशी झाली: राहत्या घरी, बाथरूममध्ये, चालताना ओल्या फरशीवर पाय घसरला

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर: डॉक्टरांचं मत खुबा, अंथरूण, न्यूमोनिया अशा साखळीचं असेल, तर मूळ कारण पडणं. न्यूमोनिया शेवटचं.

प्रत्यक्षात हातात काय पडतं? पहिल्या ओळीत "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट", दुसरीत "न्यूमोनिया", तिसरी रिकामी, प्रकार "नैसर्गिक". हृदय आणि श्वास थांबणं हे काही कारण नव्हे, प्रत्येक मृत्यूत ते थांबतातच. नमुन्यावर छापलेल्या सूचनेतही मरण्याची रीत लिहू नका असं म्हटलं आहे. पण रात्रपाळीचा निवासी डॉक्टर समोर असलेल्या केसपेपरवरून लिहितो, आणि दुसऱ्यांदा दाखल केल्याच्या केसपेपरवर "धाप, ताप, खोकला" एवढंच असतं. आधीच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड घरी कपाटात. खुबा तिथेच गळतो. बनवाबनवी नसते, कागद पुढे सरकलेला नसतो इतकंच.

चौथा प्रश्न: नोंदणी मृत्यू जिथे झाला तिथे होते. राहतं घर किंवा पडण्याची जागा पाहत नाहीत. रुग्णालय ऐरोलीत तर नोंद नवी मुंबई महापालिकेत. ठाण्याच्या प्रभाग समितीत चकरा मारून उपयोग नाही. रुग्णालयातल्या मृत्यूची खबर द्यायची जबाबदारी रुग्णालयाची, मुदत २१ दिवस. तुम्ही फक्त नाव, आईवडिलांचं किंवा पतीचं नाव, पत्ता आधारप्रमाणे लिहिला गेला ना हे पाहा. दाखल्यातल्या दुरुस्त्यांच्या निम्म्या रांगा त्यासाठीच असतात.

---

अपघातविभाग

वरचं सगळं बरोबर, पण गळती नमुना ४ च्या कितीतरी आधी सुरू होते. पहिल्या दिवशी, कॅज्युअल्टीत.

तिथे लिहितात "हिस्ट्री ऑफ फॉल". दोन शब्द. कुठे पडल्या, कशावर, कशावरून, काही नाही. चोवीस दिवसांनी "इजा कशी झाली" ही ओळ भरणाऱ्याला तेवढंच सापडतं. म्हणून सोबत गेलेल्या माणसाने पहिल्याच वेळी हे सांगावं आणि लिहून घ्यायला लावावं:

जागा (बाथरूम, पलंगाशेजारी, जिना, लिफ्टचा उंबरा, सोसायटीचं आवार). पातळी, म्हणजे उभ्याने फरशीवर पडल्या की स्टुलावरून, पलंगावरून, पायऱ्यांवरून. पायऱ्या असतील तर साधारण किती. आधी चक्कर आली का, डोळ्यांपुढे अंधारी आली का, की पाय घसरला हे स्वतःला आठवतं. डोकं आपटलं का. किती वेळ जमिनीवर पडून होत्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. नाव येत नसेल तर पाकीटच दाखवा. आणि ही माहिती कोणी दिली: स्वतः पेशंटने, मुलाने की कामवाल्या मावशींनी.

"किती वेळ पडून होत्या" हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. रात्री अकराला पडून सकाळी सहाला सापडलेल्या माणसाचे स्नायू दबून खराब होतात, त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो. पुढे कारण "किडनी फेल्युअर" असं येतं आणि ते मधुमेहाच्या खात्यावर जमा होतं.

डोक्याचंही तसंच. वयस्कर माणसाचा मेंदू थोडा आकसलेला असतो, कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या शिरा ताणलेल्या असतात. साधा धक्का लागला तरी तिथे हळूहळू रक्त साचतं. गोंधळल्यासारखं बोलणं, झोपाळूपणा, एका बाजूने लुळं पडणं हे दोन-चार आठवड्यांनी दिसतं. तोवर पडल्याचं घरचे विसरलेले असतात. स्कॅनवर "क्रॉनिक सबड्युरल" येतं, मृत्यू झाला तर कागदावर "ब्रेन हॅमरेज", आणि ते अर्धांगाच्या झटक्यांमध्ये मोजलं जातं. दाखल करताना "गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठे पडल्या होत्या का" हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तर तुम्हीच उत्तर द्या.

एमएलसीबद्दल. पडून हाड मोडलं किंवा डोक्याला मार लागला की बरीच रुग्णालयं एमएलसी करतात, म्हणजे पोलीस चौकीला लेखी खबर देतात. घरचे घाबरून म्हणतात, "डॉक्टर, पोलीस केस नको." एमएलसी म्हणजे एफआयआर नव्हे, कोणावर आरोप नाही. इजा आहे आणि ती अमुक प्रकारे झाली असं सांगितलं, एवढी नोंद. ती टाळण्यासाठी "पडल्या नाहीत, आपोआप दुखायला लागलं" असं सांगणारे लोक असतात. पुढे मृत्यू झाल्यावर तेच लोक "पडल्यामुळे गेल्या" म्हणतात, आणि मग पोलिसांना खरोखरच शंका येते.

---

चौकीमागची_गल्ली

पोलीस आणि पोस्टमॉर्टेमचं मी सांगतो.

१ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आहे. जुनं कलम १७४ म्हणजे आताचं १९४. अपघाताने माणूस मेल्याची खबर मिळाली की पोलिसांनी जागेवर जायचं, परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर पंचनामा करायचा, अंगावरच्या जखमा लिहायच्या आणि मृत्यूचं दिसणारं कारण नोंदवायचं. अहवाल २४ तासांत दंडाधिकाऱ्याकडे. आपल्याकडे याला "अकस्मात मृत्यू नोंद" किंवा एडीआर म्हणतात. तिला क्रमांक असतो. तो लिहून घ्या, पुढच्या प्रत्येक खिडकीवर तोच विचारतात.

पोस्टमॉर्टेम "लागतंच" असं कायदा म्हणत नाही. कारणाबद्दल शंका असेल, किंवा पोलीस अधिकाऱ्याला अन्य कारणाने योग्य वाटेल, तर प्रेत तपासणीला पाठवायचं, असं ते कलम आहे. (विवाहितेचा लग्नानंतर सात वर्षांच्या आतला मृत्यू वगैरे वेगळे प्रकार आहेत, ते इथे लागू नाहीत.) पण व्यवहारात एमएलसी झालेली असेल तर रुग्णालय प्रेत थेट देत नाही, पोलिसांच्या पत्रानेच देतं, आणि पोलीस बहुतेक वेळा पोस्टमॉर्टेमच सांगतात. ७८ वर्षांच्या बाई, खुब्याचं ऑपरेशन, सगळे कागद जागेवर, घरच्यांची तक्रार नाही, अशा वेळी पोस्टमॉर्टेम नको अशी लेखी विनंती करता येते. निर्णय अधिकाऱ्याचा. नाही म्हणाले तर हुज्जत घालण्यात दिवस जातो.

कळवा-ऐरोलीच्या उदाहरणात नोंद आधी रुग्णालयाच्या हद्दीत होईल, म्हणजे रबाळे पोलीस ठाण्यात, आणि मग कागद पडण्याच्या जागेच्या हद्दीत, कळव्याला वर्ग होतील. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी पोलीस आयुक्तालयं. कागद हद्द ओलांडायला वेळ घेतो. पोस्टमॉर्टेम नवी मुंबईच्या बाजूला बहुधा वाशीच्या महापालिका रुग्णालयात, ठाण्याच्या बाजूला कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात. सूर्यास्तानंतर पोस्टमॉर्टेम होत नाही हे आता सरसकट खरं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने सोय असलेल्या रुग्णालयांना रात्रीही परवानगी दिली. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेलं प्रेत किंवा घातपाताचा संशय हे सहसा त्यातून वगळले आहेत. प्रत्यक्षात त्या रात्री डॉक्टर आणि कर्मचारी आहेत का, यावर सगळं.

पंचनाम्याच्या वेळी घरच्यांचा जबाब घेतात. तिथे वाक्य नेमकं असू द्या. "तोल जाऊन पडल्या" आणि "पाय घसरून पडल्या" यात फरक आहे. जे खरं ते एकदा ठरवून सांगा. कॅज्युअल्टीत एक, एमएलसीत दुसरं, जबाबात तिसरं असं झालं की फाइल लांबते.

---

वसंतविहार_कट्टा

खूप उपयोगी. दोन उपप्रश्न. याच बाईंना दुसऱ्यांदा रुग्णालयात नेलंच नाही आणि त्या घरीच गेल्या, तर? आणि फॅमिली डॉक्टर "मी लिहून देणार नाही" म्हणाले तर ते चूक की बरोबर?

---

रेकॉर्डरूम

घरी मृत्यू म्हणजे नमुना ४अ. त्यावर डॉक्टर लिहून देतात की अमुक व्यक्ती या तारखेपासून त्या तारखेपर्यंत माझ्या उपचाराखाली होती. ज्यांनी शेवटच्या आजारात उपचारच केले नाहीत, त्यांनी हे लिहू नये. शेवटचं वर्षापूर्वी बीपी तपासलेल्या डॉक्टरांचा नकार म्हणूनच बरोबर. स्मशानभूमीत कागद लागतो म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून "वार्धक्य" लिहून आणायची जी पद्धत आहे, ती दहनापुरती चालते, बाकी सगळ्याची वाट लावते.

घरचे, खुब्याचं ऑपरेशन करणारे डॉक्टर आणि फॅमिली डॉक्टर यांचं एकमेकांशी बोलणं झालेलं असेल, डिस्चार्ज कार्ड आणि नंतरच्या भेटीची टिपणं हातात असतील, तर फॅमिली डॉक्टर ४अ भरू शकतात. पण त्यात फ्रॅक्चर आणि पडणं लिहिलं की तो अपघाती मृत्यू झाला, आणि अपघाती मृत्यू म्हणजे पोलिसांना खबर. इथेच गाडी अडते. डॉक्टरांना हे माहीत असतं, घरच्यांना रात्री दहा वाजता चौकी नको असते, आणि दोघांच्या सोयीचा शब्द "न्यूमोनिया" समोर तयारच असतो. खोटं कोणीच लिहिलेलं नसतं. तिसरी ओळ रिकामी ठेवलेली असते.

निबंधकाकडे खबर द्यायची जबाबदारी घरी मृत्यू झाला तर घरच्यांची, नमुना २ मध्ये. त्याचे दोन भाग: एक कायदेशीर, दुसरा सांख्यिकी. लोक पहिला काळजीने भरतात. दुसऱ्या भागात कारण वैद्यकीय प्रमाणित आहे का आणि कारण काय, हा रकाना असतो. तिथे खिडकीवरचा कर्मचारी विचारेल तेवढ्यात "म्हातारपण" सांगून मोकळे होऊ नका.

२१ दिवस उलटले तर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, ३० दिवस ते एक वर्ष जिल्हा निबंधकाची किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश. व्हिसेराचा (पोस्टमॉर्टेममध्ये काढून ठेवलेल्या अवयवांच्या तपासणीचा) अहवाल आला नाही म्हणून नोंदणी थांबवायची नसते. "तपास प्रलंबित" टाकून नोंद होते.

---

अपघातविभाग

त्या "तपास प्रलंबित"बद्दल एक वाक्य. पोस्टमॉर्टेममध्ये मत राखून ठेवलं, नंतर अहवाल आला, पोलिसांच्या फाइलला लागला, आणि निबंधकाच्या नोंदीत प्रलंबित ते प्रलंबितच राहिलं, असं होऊ शकतं. ते मत परत निबंधकाकडे नेऊन देणं कोणाच्याच रोजच्या कामात बसत नाही.

---

सांकेतिक

कागद पुढे कुठे जातो ते लिहितो, कारण "मोजणी"चा प्रश्न तिथे आहे.

नमुना ४ मधली माहिती आयसीडी-१० च्या, म्हणजे आजार आणि मृत्यूची कारणं यांच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या, संकेतांकांत रूपांतरित होते. पडण्याला दोन संकेत लागतात: इजेचा आणि इजा कशामुळे झाली त्याचा. मांडीच्या हाडाच्या मानेचं फ्रॅक्चर एस७२.०. पडणं डब्ल्यू०० ते डब्ल्यू१९. त्याच पातळीवर घसरून किंवा अडखळून पडणं डब्ल्यू०१, पलंगावरून डब्ल्यू०६, खुर्चीवरून डब्ल्यू०७, जिन्यावर डब्ल्यू१०, काहीच माहीत नसेल तर डब्ल्यू१९. चौथा अंक जागेचा, घर असेल तर शून्य. मृत्यूच्या आकडेवारीत मूळ कारण म्हणून डब्ल्यू जातो, एस नाही.

आता शब्द गळला की काय होतं पाहा.

"पडणे" नाही, फक्त "फ्रॅक्चर, अपघात": संकेत एक्स५९.०, म्हणजे अनिर्दिष्ट कारणाने हाड मोडलं. हा मृत्यू पडण्याच्या रकान्यातून गेला. ही एक्स५९ची पेटी म्हणजे ज्येष्ठांच्या पडण्याचं अडगळीचं कपाट. जगभरचे अभ्यासक ती उघडून पाहतात.

"सबड्युरल हॅमरेज" लिहिलं आणि "ट्रॉमॅटिक" लिहिलं नाही: पुस्तक तो इजेशिवायचा मानतं, आय६२.०, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजार. ट्रॉमॅटिक असेल तर एस०६.५. एका शब्दात प्रकरण बदलतं.

"वार्धक्य" एकटं: आर५४. याचा कोणाला काही उपयोग नाही.

भाग १ मध्ये न्यूमोनिया एकटा आणि फ्रॅक्चर व पडणं भाग २ मध्ये: इथे पडणं गळत नाही. न्यूमोनिया हा इजेचा परिणाम धरायला नियम परवानगी देतो, त्यामुळे संकेत लावणारा पडण्यापर्यंत जाऊ शकतो. डॉक्टरांनी साखळी उलटसुलट लिहिली तरी चालेल, पण शब्द कुठेतरी हवेत.

आणि लोकांना न पटणारी गोष्ट. "झटका आला म्हणून पडल्या आणि खुबा मोडला" असं लिहिलं तरी आयसीडी-१० च्या नियमात अपघात हा बहुतेक नैसर्गिक आजारांचा परिणाम मानत नाहीत. मूळ कारण पडणंच राहतं. अपवाद मोजके आहेत: अपस्मार, आणि हाडांच्या घनतेचे विकार. म्हणून वर रेकॉर्डरूम यांनी भरलेल्या नमुन्यात भाग २ मध्ये ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं) नाही हे माझ्या लक्षात आलं. असेल तर तिथेच लिहायचं. पण "ऑस्टिओपोरोसिसमुळे पडल्या" किंवा "ऑस्टिओपोरोटिक फ्रॅक्चर" असं भाग १ च्या तळाशी गेलं, तर मूळ कारण हाडांचा आजार होतं आणि पडणं पुसलं जातं. हाड आधी मोडलं की आधी पडल्या, हा निर्णय डॉक्टरांचा. पण निर्णय घेऊन लिहावं, सवयीने नको.

आकड्यांचं. २०२० च्या वैद्यकीय प्रमाणनाच्या राष्ट्रीय अहवालात देशातल्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्क्यांना वैद्यकीय कारण होतं. म्हणजे बाकीच्यांत कोण पडून गेलं हे या वाटेने कळतच नाही. दुसरी वाट एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) अपघाती मृत्यूंचा वार्षिक अहवाल. तो पोलिसांच्या एडीआरवर चालतो. त्यात पडण्याचे जे प्रकार धरतात ते मुख्यतः उंचीवरून आणि खड्ड्यात पडण्याचे. एडीआरच झाली नसेल तर बाथरूमचा मृत्यू त्यात नाहीच. म्हणून त्या अहवालातला "६० आणि अधिक" हा गट वाचून "आपल्याकडे म्हातारी माणसं फारशी पडून मरत नाहीत" असा अर्थ काढू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, सर्वाधिक प्रमाण साठीपुढच्यांत.

नोंद करण्याची पद्धत बदलली की आकडा कसा हलतो, याला अमेरिका बघा. २०२१ मध्ये तिथे ६५ आणि पुढच्या वयाच्या ३८ हजारांहून अधिक लोकांचा मृत्यू पडण्यामुळे नोंदला गेला. पण विस्कॉन्सिन राज्याचा दर अलाबामाच्या पाचपटीहून जास्त. विस्कॉन्सिनमध्ये बर्फ आहे हे खरं, पण पाचपट बर्फाने होत नाही. मृत्यूचं प्रमाणपत्र कोण भरतं, कॉरोनर किंवा मेडिकल एक्झामिनर (मृत्यूची चौकशी करणारे सरकारी अधिकारी) की उपचार करणारा डॉक्टर, हेही राज्याराज्यांत वेगळं आहे, आणि फरकाच्या कारणांत तिथले अभ्यासक ते मोजतात.

---

चौकीमागची_गल्ली

सांकेतिक, सबड्युरलचं माहीत नव्हतं. आमच्याकडे तर "मेंदूत रक्तस्राव, नैसर्गिक" लिहून आलं की एडीआर उघडतच नाही. म्हणजे तो एक शब्द गळला तर दोन्ही वाटा बंद.

---

दावा_तपासणी

विम्याचं कोणी विचारलं नाही, पण पत्रकात दोन ओळी टाका, कारण लोकांना "अपघात" या शब्दाची गरज पहिल्यांदा तिथेच भासते.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना (वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख) वयाच्या ७० पर्यंतच. तुमच्या ७८ वर्षांच्या उदाहरणाला ती लागू नाही, पण ६६ वर्षांच्या माणसाला असेल. त्या योजनेत वाहन अपघात, बुडणं, गुन्हा यांना पोलीस नोंद लागते. झाडावरून पडणं, साप चावणं अशा गोष्टींना तात्काळच्या रुग्णालयीन नोंदीचा आधार चालतो. "तात्काळच्या" याकडे लक्ष द्या. अपघातविभाग यांनी सांगितलेला पहिल्या दिवसाचा केसपेपर इथे पैशांत मोजला जातो.

खाजगी वैयक्तिक अपघात पॉलिसीत बहुधा अपघातापासून १२ महिन्यांच्या आत मृत्यू ही अट असते. चोविसावा दिवस आरामात बसतो. पण दावेदाराला पडणं आणि मृत्यू यांची साखळी दाखवावी लागते, आणि नमुना ४ वर "नैसर्गिक" असेल तर दावा तिथेच थांबतो. कागद मागतात ते: एडीआरची प्रत, पंचनामा, पोस्टमॉर्टेम अहवाल, दोन्ही वेळची डिस्चार्ज व मृत्यू समरी, नमुना ४ ची प्रत, पोलिसांचा अंतिम अहवाल. पोस्टमॉर्टेम नको अशी विनंती करण्याआधी पॉलिसी आहे का ते कपाटात बघा. दहन झाल्यावर ते मागता येत नाही.

---

वसंतविहार_कट्टा

शेवटचं. नमुना ४ मध्ये कारण चुकीचं गेलं हे आठवड्याने लक्षात आलं, तर दुरुस्ती होते का? घरच्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं तर?

---

रेकॉर्डरूम

नाव, पत्ता, वय यांची दुरुस्ती कलम १५ खाली पुराव्यावर होते. कारणाचं तसं नाही. ते वैद्यकीय मत आहे, घरच्यांच्या प्रतिज्ञापत्राने बदलत नाही. ज्यांनी नमुना ४ भरला त्यांनीच सुधारित प्रमाणपत्र किंवा पत्र द्यायला हवं, ते रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातून निबंधकाकडे.

अर्ज रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने करा. सोबत पहिल्यांदा दाखल केलं तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट, पहिल्या दिवसाचा केसपेपर आणि एमएलसी क्रमांक. मागणी एका वाक्यात: "मृत्यूपूर्वी चोवीस दिवस आधी पडून झालेल्या फ्रॅक्चरचा उल्लेख नमुना ४ मध्ये नाही, तपासून सुधारित प्रमाणपत्र द्यावे." "कारण बदलून द्या" असं लिहू नका, ते डॉक्टरांना नको तिथे टोचतं. पोच शिक्क्यासकट घ्या. आठवड्याभरात गेलात तर भरणारा डॉक्टर अजून त्याच वॉर्डात असतो. सहा महिन्यांनी तो दुसरीकडे गेलेला असतो, आणि केसपेपर रेकॉर्ड रूमच्या वरच्या रॅकवर.

सुधारित "अपघात" लिहिलं गेलं तर रुग्णालय पोलिसांना कळवणार, हे अर्ज करण्याआधी घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा. आणि नमुना ६ वर या सगळ्याने अक्षरही बदलणार नाही, त्यामुळे बँकेचं काम थांबवू नका, दाखल्याच्या प्रती आधीच जास्त काढून ठेवा.

सांकेतिक यांनी दाखवलेली ऑस्टिओपोरोसिसची गोष्ट बरोबर. माझ्या नमुन्यात भाग २ मध्ये ते जोडून घ्या, निदान झालेलं असेल तरच.